कुठल्या नाटकाची प्रकाशयोजना?

मागच्या मार्गशीर्षात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. नौपाड्यातलं कार्यालय. पहिली पंगत उठायची होती आणि दुसऱ्या पंगतीचे उमेदवार जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहून जिलबी किती उरली असेल याचा अंदाज घेत होते. थोरल्या काकांनी मला तिथेच गाठलं.

“काय गं, सध्या काय चाललंय?”

“तेच काका. प्रकाशयोजना करते.”

“वा वा! कुठल्या नाटकाची?”

नाटकाची नाही, इमारतींची, म्हटल्यावर काकांचा उत्साह ओसरला. “म्हणजे वायरिंग?” वायरिंग नाही काका. दिवे कुठे घ्यायचे, किती, कुठल्या रंगाचे, कुठल्या कोनात, ते ठरवायचं. काकांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे आर्किटेक्चरची पाच वर्षं करून तू दिवे लावतेस?”

मराठीत दिवे लावणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आजूबाजूचे दोघं-तिघं मनापासून हसले. मीही हसले. पंगत बसली.

आता या गोष्टीचा राग येत नाही. मराठी माणसाला ‘प्रकाशयोजना’ हा शब्द भेटतो तो वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत, नेपथ्य आणि संगीताच्या शेजारी, भिंग घेऊन वाचावा अशा अक्षरात. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसून वाढलेल्या ठाणेकराने दुसरं काय समजायचं? आणि खरं सांगायचं तर काकांचा प्रश्न बरोबर होता, हे मला धंद्यात दहाएक वर्षं काढल्यावर कळलं. आमचं घराणं नाटकाचंच. स्टॅन्ली मॅककँडलेस नावाचे गृहस्थ शिकले आर्किटेक्चर आणि १९२५ पासून अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवू लागले रंगमंचावरचे दिवे. इमारतींच्या प्रकाशयोजनेचे मूळपुरुष मानले जातात ते रिचर्ड केली, तेही येलचेच. १९५२ च्या सुमारास केलींनी उजेडाचे तीन प्रकार सांगितले आणि आजही प्रत्येक कॉलेजात पहिल्या आठवड्यात तेच शिकवतात. एक, नजर जिथे न्यायची तिथला झोत. दोन, भोवताली पसरलेला, सावली न पाडणारा सपाट उजेड. तीन, नुसती चमचम, जी डोळ्याला गंमत म्हणून हवी असते.

कॉलेजात हे इंग्रजीत पाठ केलं तेव्हा फार काही कळलं नव्हतं. एका गणपतीत आमच्या घरी बसल्या बसल्या कळलं. मूर्तीसमोर समई, तो पहिला. बाहेर भाद्रपदातलं ढगाळ आभाळ आणि त्याचा खिडकीतून आलेला राखाडी उजेड, तो दुसरा. आणि मखरावर भाच्याने सोडलेली माळ, ती तिसरी. तिन्ही एका खोलीत, आणि त्यातलं काही कुणी डिझाइन केलेलं नव्हतं.

याच केलींनी न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगमध्ये खिडक्यांलगतची छताची पट्टी उजळवली. १९५८ साली ती इमारत उभी राहिली तेव्हा संध्याकाळी अख्खा मनोरा आतून पेटल्यासारखा दिसे. घोडबंदर रोडवर आज टॉवरच्या डोक्यावरून जी एलईडीची पट्टी फिरते, तिची ही आजी. आजीचं वळण मात्र नातीत उतरलेलं नाही.

नाटकवाल्यांकडून आम्ही झोत घेतला, डिमर घेतला, रंगीत कागद घेतले. एक गोष्ट घ्यायची राहिली. नाटकाच्या क्यू-शीटमध्ये, म्हणजे कुठला दिवा कधी चढवायचा-उतरवायचा त्या यादीत, निम्मे क्यू दिवे उतरवायचे असतात. विंगेत नाहीतर मागे खोलीत बसलेला माणूस वाक्य ऐकून हात खाली आणतो, कधी सावकाश, कधी झटक्यात, आणि त्या अंधारावर अंक पडतो. आमच्या ड्रॉईंगवर मात्र फक्त लावायचे दिवे असतात. बंद कुणी, कधी, कशासाठी करायचे, याचा रकाना आमच्या शीटमध्ये नाही.

तो पूर्वी लागतच नव्हता, कारण ते काम बाबा करायचे.

आमचं चरईतलं जुनं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत चाळीस वॅटची चार फुटी ट्यूब, आत साठचा पिवळा बल्ब, आणि मधल्या बोळात झिरोचा. झिरो म्हणजे शून्य वॅट असं मला बारावीपर्यंत वाटत होतं. तोही बारा-पंधरा वॅट खातो हे कळलं तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. बाबा बँकेत. बिल आलं की मागच्या बिलाशेजारी धरून वाचायचे. “बटण कोण बंद करणार?” हे वाक्य आमच्या घरी दिवसातून किमान चारदा म्हटलं जाई, आणि उत्तर अपेक्षित नसे. ज्याच्या कानावर पडलं त्याने उठायचं.

आजीचं निराळंच होतं. तिच्या तोंडात दिवा ‘विझला’ कधी आलं नाही. दिवा शांत करायचा, मालवायचा. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला सगळे दिवे घासून पाटावर मांडायचे, नुसते बघायला. विजेच्या दिव्याबाबत मात्र तीही आपल्यासारखंच बोले: लाईट आली, लाईट गेली. पाहुणी असल्यासारखी. तिला पाठवणारे आपण नाही.

२०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं, निळ्या एलईडीसाठी. लाल आणि हिरवा एलईडी आधीपासून होते. निळा सापडत नव्हता म्हणून पांढरा अडला होता. आपण घरी जो पांढरा दिवा लावतो त्यात खरं तर निळाच चिप असतो, वर पिवळसर फॉस्फरचा लेप. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. डिसेंबरात स्टॉकहोमला तो सोहळा झाला आणि ५ जानेवारी २०१५ ला आपल्याकडे स्वस्त एलईडी बल्बची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत एलईडी बल्बची किंमत ३१० रुपये होती, ती दोन-तीन वर्षांत चाळीसच्या आत आली. पुढे छत्तीस कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. साठ वॅटचं काम नऊ वॅटमध्ये होऊ लागलं.

चांगलंच झालं. पण बाबांच्या वाक्यातली हवा गेली. नऊ वॅटसाठी कोण उठणार?

हे आमच्याच घरी झालं असंही नाही. उपग्रहाच्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलं की २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा रात्री उजळलेला भूभाग दरवर्षी २.२ टक्क्यांनी वाढत होता. म्हणजे ऐन एलईडीच्या लाटेत. वीज वाचली त्यातून आणखी दिवे आले. २०२३ मध्ये तर हजारो हौशी लोकांनी मोजलेल्या ताऱ्यांवरून निघालं की आकाशाचा रात्रीचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतोय. त्या हिशेबात आजचं आभाळ आठेक वर्षांत दुप्पट उजळ. मसुंदा तलावाच्या काठावर बसून लहानपणी मी मृग नक्षत्राचा पट्टा बघितला आहे. आता त्याच काठावर, हवा कितीही स्वच्छ असली तरी, पट्ट्यातले तीन तारे शोधायला बोट धरून दाखवावं लागतं.

आणि झाडं. हा ठाण्याचा स्वतःचा विषय आहे, म्हणून जरा थांबते. करोनानंतर केव्हातरी झाडांना एलईडीच्या माळा गुंडाळायची साथ आली. सणाला चार दिवस नव्हे, बारा महिने. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत, निळ्या, हिरव्या, जांभळ्या. आमच्या कोपऱ्यावरच्या पिंपळाला कुणीतरी खिळे ठोकून वायर ताणली आणि त्यानंतर त्यावरची कोकीळ रात्री दोनला ओरडायला लागली. आधी गंमत वाटली. आठवडाभराने उशी डोक्यावर घेऊन झोपायला लागलो. मार्च २०२४ मध्ये ठाण्यातल्याच एका पर्यावरणप्रेमी रहिवाशाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला आणि मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदरच्या महापालिकांना या झाडांवरच्या दिव्यांबद्दल विचारणा केली. त्यानंतर मुंबईत झाडांवरचे दिवे उतरवायचे आदेश निघाले. आमच्या पिंपळाच्या माळा बंद पडल्या. उतरवल्या मात्र नाहीत. बुंधा जाड होतोय, वायर आहे तेवढीच आहे.

झाडाला ऋतू कळतो तो दिवस-रात्रीच्या लांबीवरून. पक्ष्यालाही. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. पलीकडे नवी मुंबईत कांदळवनाला लागून टॉवर, रस्ते, बगीचे, आणि त्या सगळ्यांचे दिवे पाण्याकडे तोंड करून. व्ह्यू विकायचा तर व्ह्यू उजळला पाहिजे, असं एका क्लायंटने मला समजावलं होतं. मी त्याला म्हटलं, खिडकीत उभं राहिल्यावर पाणी दिसायला हवं असेल तर बाल्कनीतला दिवा काढा. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब बघायला कोण पैसे देतं? हे त्याला पटलं. फ्लेमिंगोचं पटलं नसतं.

आमच्या व्यवसायात सध्या वारं इकडचंच आहे. बाहेरचा दिवा कारण असेल तरच लावा, पाहिजे तिथेच पाडा, पाहिजे तेवढाच, पाहिजे तेव्हाच, आणि शक्यतो पिवळा. फ्रान्समध्ये दुकानांच्या शोकेसचे दिवे रात्री एकनंतर बंद ठेवायचा नियम २०१३ पासून आहे. आपल्याकडे पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेली जागा. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, तोंडं खाली वळवली. नागपूरच्या मावशीला मी हे कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्याकडे तीस वर्षं लोडशेडिंग होतं, तेव्हा नाही कुणी बक्षीस दिलं.”

हे सगळं लिहिणारी मी स्वतः काय करते, तेही सांगितलं पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही वर्तकनगरजवळ नवं घर घेतलं. पहिल्यांदाच क्लायंट मीच. मग काय, हौस. कुठेही बल्ब दिसणार नाही, सगळा उजेड कोव्हमधून (म्हणजे छताच्या कडेला दिवा लपवायच्या खाचेतून), भिंतीवरून, पडद्यामागून. रंग २७०० केल्व्हिन, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा. रंग नीट दिसावेत म्हणून सीआरआय ९५ चे चिप. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण. दुकानात डाळिंबी दिसलेली पैठणी घरी आल्यावर विटकरी दिसते ना, त्यामागे बऱ्याचदा दिव्याचा हा आकडा असतो, साडीवाला नव्हे. भिंतीला चुन्याचा गिलावा करून घेतला आणि त्यावरून दिवा असा घासून नेला की थापीचा एकेक हात दिसावा. फोटो सुंदर आले. एका मासिकाने मागितलेही.

बाबा पंचाहत्तरीचे. संध्याकाळी सातला ते बाल्कनीशेजारच्या खुर्चीत शब्दकोडं घेऊन बसतात. पहिले चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी खुर्ची फ्रीजजवळ गेली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मग एके दिवशी मी साईटवरून परत आले तर माझ्या चुन्याच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, पांढरी लख्ख वीस वॅटची एलईडी ट्यूब. जांभळी नाक्यावरून आणलेली, गल्लीतल्या वायरमनकडून बसवून घेतलेली. वायर कोव्हमधून काढून सेलोटेपने चिकटवली होती. दुकानदाराने “पिवळी की पांढरी?” असं विचारलं असणार आणि बाबांनी “दिसेल ती” असं सांगितलं असणार.

“आता कसं,” बाबा म्हणाले, “आडवा सात, अक्षरं चार, हे तरी कळतंय.”

मी चिडले. मग पर्समधून उजेड मोजायचा लक्समीटर काढला आणि त्यांच्या मांडीवरच्या पेपरवर ठेवला. ट्यूब बंद: ५५ लक्स. ट्यूब चालू: २९०. वाचायला तीनशे-पाचशे लागतात, हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते. त्यातून साठीपुढच्या डोळ्यात विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पडद्यापर्यंत पोचतो. बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळं पडतं. हे सगळं माझ्या प्रेझेंटेशनमध्ये आहे, एकोणिसावी स्लाईड. घर डिझाइन करताना मी डोळ्यासमोर धरला होता चाळिशीतला, कानात हेडफोन घातलेला, पुस्तक न वाचणारा एक माणूस. तो आमच्या घरी राहतच नाही.

पुढे मी त्यांच्या खुर्चीशेजारी लांब दांड्याचा वाचायचा दिवा आणला, डोळ्यात न येणारा, कमी-जास्त करायची चकती असलेला. तो त्यांना आवडला. ट्यूबही तशीच आहे. दोन्ही लावून बसतात. मासिकवाल्यांना मी नको म्हणून कळवलं. उठताना मात्र बाबा दोन्ही बंद करतात आणि जाता जाता माझा कोव्हही.

याच डोळ्यात आणखी एक भानगड आहे, आणि सध्याची निम्मी बाजारपेठ तिच्यावर उभी आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांना आकृती दिसत नाही, फक्त ‘दिवस आहे की नाही’ कळतं. शास्त्रज्ञांनी २००२ च्या सुमारास त्या पक्क्या ओळखल्या. निळ्याकडे झुकणाऱ्या उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरला, त्या जास्त दाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला किल्ली देतात. म्हणून सकाळी पांढरा, संध्याकाळी पिवळा, असा रंग बदलणारा दिवा निघाला. इन्स्टाग्रामवर बघून लोक ‘सर्केडियन’, म्हणजे या घड्याळाप्रमाणे चालणारे दिवे, मागतात. वाशीतल्या एका गृहस्थांनी साडेचार लाखांचं कोटेशन हातात धरून विचारलं, याने झोप लागेल का हो? त्यांच्या बेडरूमच्या खिडकीला जाड पडदा होता, दिवसाही ओढलेला. श्रावणातल्या ढगाळ दुपारी गच्चीत उभं राहिलात तरी पाच-दहा हजार लक्स फुकट मिळतात. घरातला महागातला महाग दिवा तुम्हाला तीनशे देतो. मी त्यांना पडदा उघडायला सांगितलं आणि सकाळी बाल्कनीत चहा प्या म्हटलं. ते काम मला मिळालं नाही.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते ती थोडक्या उजेडात किती भागतं ते दाखवायला. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलेली ती वसाहत. सात-सात घरं एका लहानशा चौकाभोवती, चौक जेमतेम आठ मीटर बाय आठ मीटर. बरीच घरं आता पाडून, वाढवून, टाईल्स लावून ओळखू येत नाहीत. पण एका चौकात तिन्हीसांजेला उभे होतो तेव्हा एका दारावरचा दिवा लागला, मग समोरचा. दोन दारांवरच्या दोन बल्बमध्ये अख्खा चौक भागला. रस्त्याचा दिवा लांब होता आणि त्याची कुणाला गरजही नव्हती. एका मुलीने विचारलं, “मॅम, इथे लक्स लेव्हल किती असेल?” मीटर माझ्या पर्समध्ये होता. काढला नाही.

आता बंद करायचं काम सेन्सरकडे गेलंय. हा झाला पुढचा काळ, आणि तो आलाही आहे. ऑफिसच्या टॉयलेटमध्ये बसलं की तीन मिनिटांनी अंधार होतो आणि माणूस अंधारात दोन्ही हात गोल फिरवत बसतो. पूर्वी दिव्याने माणसाला ओवाळायचे. आता माणूस दिव्याला ओवाळतो. दिवे चालवायच्या ‘डाली’ नावाच्या पद्धतीत तारांच्या एका जोडीवर ६४ पत्ते देता येतात, म्हणजे प्रत्येक दिव्याला चाळीतल्या खोलीसारखा नंबर. कुठल्या नंबराने किती वाजता किती टक्के व्हायचं, ते सगळं लिहून ठेवता येतं. पनवेल-ठाणे लोकलने परत येताना ऐरोली-रबाळ्याच्या पट्ट्यात काचेच्या इमारती दिसतात. यातल्या एकीत मी काम केलंय. रात्री साडेनऊला एका अख्ख्या मजल्यावर दिवे जळत होते आणि माणूस एकच, पोछा मारणारा. चौकशी केली तर कळलं, सेन्सर लोकांना त्रास देत होते म्हणून कुणीतरी सगळे ‘ऑन’वर टाकले. ते परत कसे फिरवायचे हे ज्याला ठाऊक होतं त्याने नोकरी सोडली. एआय येऊन हे सगळं सुधारेल असं दर प्रदर्शनात ऐकते. येऊ दे. आधी पासवर्ड सापडू दे.

दुसरं दुखणं दुरुस्तीचं. ट्यूब गेली की स्टुलावर चढायचं, स्टार्टर पाव फेरा फिरवायचा, नाहीतर ट्यूब बदलायची. हे आमच्याकडे आईसुद्धा करायची. आता एलईडीची तीन मीटरची पट्टी, म्हणजे प्रोफाईल, पीओपीत गाडून टाकतात. चिप पन्नास हजार तास चालतो म्हणून डब्यावर छापलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारा डबा, सिलिंगमधल्या गरमीने आणि आपल्या दमट हवेने. एक दोनशे रुपयांचा डबा काढायला नऊ हजारांचं पीओपी फोडतात. हल्ली मी ड्रॉईंगवर मोठ्या अक्षरात लिहिते: ड्रायव्हर हात घालून काढता आला पाहिजे. लोहार चाळीतला माझा जुना व्यापारी म्हणतो, मॅडम, हे लिहिणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. पहिलं कोण, ते सांगत नाही. आणि ट्यूब तर जातेच आहे. ट्यूबमध्ये पारा असतो, आणि पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं की २०२७ अखेर फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची. ‘ट्यूब पेटली का?’ हा वाक्प्रचार तेवढा मागे राहील. पुढच्या पिढीला तो समजावताना स्टार्टरची उघडझाप हातांनी करून दाखवावी लागेल.

गेल्या वर्षी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं काम आलं. तीन विंग, एकतीस मजले, आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे थेट येऊरचा डोंगर. कमिटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी मोबाईलवर दुबईचा व्हिडिओ दाखवला. शेजारच्या टॉवरचा रंग दर मिनिटाला बदलतो, आपला का नाही, हा मुख्य मुद्दा. मी मांडलं ते असं: वरची पट्टी फक्त सणाला, झाडांवर काही नाही, वाटेवर गुडघ्याएवढे खांब, पिवळे, झोत जमिनीवर, आणि रात्री अकरानंतर सगळं वीस टक्क्यांवर. खोलीत शांतता पसरली. मग एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, “चोऱ्या झाल्या तर तुमचं नाव सांगायचं का?”

“तुम्ही सगळे जरा खाली चला,” मी म्हटलं.

गेटवर दीडशे वॅटचा फ्लडलाईट लावलेला होता, सरळ येणाऱ्याच्या डोळ्यात. मी वॉचमनकाकांना कुंपणाशी, फ्लडच्या खाली, बोगनवेलीला टेकून उभं केलं आणि कमिटीला विचारलं, काका कुठे आहेत? सात जणांनी डोळ्यांवर हात धरून शोधलं. कुणालाही दिसेनात. मग फ्लडसमोर पुठ्ठ्याचा खोका धरला, रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड येत होता तेवढाच ठेवला. डोळे सरावायला अर्धं मिनिट गेलं. काका बोगनवेलीशेजारी उभे होते, हातात डबा, आणि जरा संकोचून हसत होते. निवृत्त गृहस्थ म्हणाले, “अरे, इतक्या जवळ!”

तरीही ठराव पास व्हायला तीन मीटिंगा गेल्या. अकराचे साडेअकरा झाले. वीस टक्के तिशीवर गेले. वरच्या पट्टीला क्रिकेट जिंकल्यावर लावायची मुभा मिळाली. दुबईवाल्या सेक्रेटरींनी एकच अट घातली, की गेटवरचं सोसायटीचं नाव रात्रभर दिसलं पाहिजे. मान्य केलं. नावाला कोण नाही म्हणणार?

कमिशनिंगच्या, म्हणजे दिवे पहिल्यांदा चालू करून जुळवायच्या, रात्री मी साडेनऊपासून तिथेच. कॉन्ट्रॅक्टरचा पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन लॉबीच्या पायरीवर, मी वाटेवर एकेका खांबाचं तोंड फिरवत. दिवा बदलणं म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं असं वाकून, हात भाजून घेत, दोन अंश इकडे, चार अंश तिकडे. अकराला पोरगा म्हणाला, “मॅडम, प्रोग्रॅम टाकलाय, आता नुसतं बघायचं.” चहा मागवला. अकरा पंचवीसला लहान मुलांना घेऊन कुणीतरी बाहेरून आलं. साडेअकराला वाटेवरचे दिवे उतरायला लागले. झटक्यात नाही, दोन मिनिटं दिली होती मी, नाटकात संध्याकाळ करतात तशी. पहिल्या मिनिटात काहीच वाटलं नाही. दुसऱ्या मिनिटात तिसऱ्या विंगेच्या मागे डोंगराची कड दिसायला लागली, आधी पुसट, मग झाडांच्या शेंड्यांसकट. तीनशे घरांची सोसायटी, आणि तिच्या मागे इतका मोठा डोंगर आहे हे रात्री पहिल्यांदाच दिसत होतं.

वॉचमनकाका केबिनमधून लगबगीने बाहेर आले. मोबाईल कानाला.

“मॅडम, लाईट गेली. वायरमनला लावलाय फोन, उचलत नाही तो.”

सातव्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. “वॉचमन! फेज गेला का?”

मी काकांना समजावलं. रोज साडेअकराला असंच होणार, आपोआप, ठरवून. पहाटे साडेपाचला परत वाढतील. कुणी विचारलं तर सांगा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वर सातव्या मजल्याकडे बघून हाताने ‘काही नाही’ अशी खूण केली, आणि फोन खिशात ठेवला. मग केबिनच्या दारातून परत फिरले.

“तेवढं चालू करायचं बटण कुठं आहे, ते मात्र दाखवून ठेवा मॅडम. सेक्रेटरी साहेब विचारतील.”

दाखवलं.